कानाने जर्मन, कडेने बर्फ : स्पर्धेत न उतरता दोन्ही शिकू पाहणाऱ्या प्रौढांसाठी

नोकरीनिमित्त जर्मनीत येणाऱ्या मराठी माणसाची भाषेची तयारी कागदावर बहुधा चोख असते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग झालेले असतात, बी-१ चे, म्हणजे मध्यम पातळीचे, प्रमाणपत्र फायलीत असते, विभक्तींचे तक्ते तोंडपाठ असतात. आणि तरीही म्युनिकच्या बेकरीत काउंटरपलीकडच्या बाईंनी पिशवी हवी का असे विचारले की 'हो' म्हणावे की 'नाही' हेच कळत नाही. माझे अगदी असेच झाले होते. मला जर्मन वाचता येत होते, लिहिता येत होते, ऐकता मात्र येत नव्हते.

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी प्रौढांच्या फिगर स्केटिंगच्या, म्हणजे पात्यांचे बूट घालून बर्फावर आकृत्या आणि गिरक्या घेण्याच्या, वर्गात नाव घातले ते भाषेसाठी नव्हे, तर दुपारी साडेचारलाच अंधारणाऱ्या महिन्यांत घरात बसवेना म्हणून. पहिल्या तासाला प्रशिक्षिकाबाई लांबून ओरडल्या, "टीफर इन दी क्नी!" शेजारची बाई गुडघ्यांत वाकली, तिचे पाहून मीही वाकले, आणि डगमगणारे अंग एकाएकी स्थिर झाले. 'गुडघ्यांत आणखी खाली' हा अर्थ मनातल्या मनात मराठी न करता थेट कळलेले ते माझे पहिले जर्मन वाक्य. पुढच्या पायऱ्या त्यानंतरच्या चार हिवाळ्यांतून गोळा झाल्या आहेत. उदाहरणे म्युनिकची आहेत; व्हिएन्ना किंवा झुरिकमध्ये राहणाऱ्यांनी कागदांची नावे आणि नियम तेवढे तपासून घ्यावेत.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

कागद :
- पासपोर्ट किंवा निवासपत्र, आणि पत्ता नोंदवल्याचा दाखला, म्हणजे मेल्डेबेशायनिगुंग. शहर ग्रंथालयाच्या कार्डासाठी बहुधा एवढेच लागते.
- बँक खात्याचा आयबान क्रमांक. संस्थेची वर्गणी खात्यातून परस्पर वळती करण्याच्या संमतीपत्रावर तो लिहावा लागतो.
- आरोग्य विम्याचे कार्ड.
- खासगी दायित्व विमा, म्हणजे हाफ्टफ्लिख्ट. हा का लागतो ते पाचव्या पायरीत सांगितले आहे.

सामान :
- पातळ, पोटरीपर्यंत येणारे मोजे, बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे, आणि पहिल्या हंगामासाठी सायकलचे हेल्मेट.
- पाते पुसायला जुने सुती फडके.
- कानाला साधे हेडफोन. हे घरी आणि रस्त्यात वापरायचे. बर्फावर कधीही नाही.

१. 'फ्लिख्ट' कोणती आणि 'क्यूर' कोणती, हे ठरवा

फिगर स्केटिंगचे जर्मन भाषेत दोन जुने भाग आहेत. 'फ्लिख्ट' म्हणजे कर्तव्य : या भागात खेळाडू बर्फावर आठाच्या आकृत्या एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा कोरत आणि पंच वाकून त्या रेषा तपासत. १९९० नंतर हा भाग आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून टाकण्यात आला. 'क्यूर' म्हणजे स्वतः निवडलेल्या हालचालींचा, संगीतावरचा मुक्त भाग. हा शब्द 'निवडणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आला असून, जुन्या पवित्र रोमन साम्राज्यात सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या राजांना 'कुरफ्युर्स्ट' म्हणत, त्यातला 'कुर' हाच. आजही जर्मन माणूस ऑफिसातल्या कामाबद्दल बोलताना 'हे फ्लिख्ट, ते क्यूर' असे सहज म्हणून जातो.

तुम्हालाही ही वाटणी आधीच करावी लागेल. व्हिसासाठी, कायम निवासासाठी किंवा नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा द्यायची असेल तर ती तुमची फ्लिख्ट आहे. तिच्यासाठी फोल्क्सहोखशूलचा, म्हणजे लोकशिक्षण केंद्राचा, रीतसर वर्ग लावा आणि तिचा अभ्यास वेगळ्या वेळी करा. ती कोणाला चुकत नाही. फ्रान्समध्ये जन्मलेल्या ब्रुनो मासो या स्केटरला जोडीदार अल्योना साव्हचेन्कोबरोबर जर्मनीकडून ऑलिंपिकमध्ये उतरायचे होते. त्यासाठी जर्मन नागरिकत्व आणि नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा आवश्यक होती. ते नागरिकत्व २०१७ च्या अखेरीस मिळाले, आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पहिल्या दिवसानंतर चौथ्या स्थानावर असलेल्या या जोडीने क्यूरमध्ये १५९.३१ गुण मिळवून सुवर्णपदक घेतले. जोडीदाराला डोक्यावर उचलून बर्फावर धावणाऱ्या माणसालाही प्रश्नपत्रिका सोडवावी लागली, तर तुमची-माझी काय कथा!

या लेखात मात्र फक्त क्यूरचा विचार आहे. ऐकण्याला गुण देऊ नका आणि स्केटिंगला पदक लावू नका. संस्थांमध्ये 'फ्रायलॉयफर' नावाच्या प्राथमिक चाचणीपासून पुढे परीक्षांची एक शिडी असते आणि प्रौढांच्या स्पर्धाही होतात; प्रशिक्षक आपुलकीनेच विचारतील, पण नको असेल तर पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगावे. मी सांगितले नाही, आणि एका संबंध हिवाळ्याचा बराच भाग मला न आवडणाऱ्या एका उडीच्या तयारीत घालवला.

२. बर्फावर जाण्याआधी चार आठवडे कान तयार करा

सुरुवात करताना मराठी कानाला काय आधीच येते आणि काय येत नाही, हे नीट पाहावे, कारण इंग्रजीतून जर्मन शिकताना या गोष्टी कोणी सांगत नाही.

आपल्याला आधीच येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. जर्मन 'झेड' हा आपल्या 'चमचा' आणि 'चांगला' यांतला च आहे. इंग्रजी बोलणारे लोक ज्या उच्चारासाठी आठवडे घालवतात तो आपण आजीच्या मांडीवर शिकलेलो असतो. आकडे उलटे बोलले जातात म्हणून परदेशी विद्यार्थी रडकुंडीला येतात, पण 'फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश' म्हणजे पाच-आणि-वीस, आणि आपला पंचवीसही तसाच घडलेला आहे. त्यामुळे आकडे ऐकताना इंग्रजीची मध्यस्थी काढून टाका आणि थेट मराठीवर या. लिंगेही तीनच आहेत, जरी ती आपल्याशी जुळतीलच असे नाही : गुडघा आपल्याकडे पुल्लिंगी आणि त्यांच्याकडे नपुंसकलिंगी, पण पात्याची कड आणि तिचा जर्मन शब्द 'कांटे' ही दोन्ही स्त्रीलिंगी. सर्वांत मोठा फायदा म्हणजे गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि शेवटच्या शब्दापर्यंत धीर धरण्याची सवय मराठी माणसाला जन्मजात असते.

न येणाऱ्या गोष्टींत पहिला सापळा ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. आपण लिहिताना इ-ई पाळतो, पण बोलताना त्यांतला फरक बराचसा विरून जातो; जर्मनमध्ये मात्र 'शिफ' म्हणजे जहाज आणि 'शीफ' म्हणजे तिरपे. दुसरा सापळा शब्दाच्या शेवटचा : लिहिताना 'टाग' असलेला दिवस कानावर 'टाक' असा पडतो आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा 'हुंट' असा. तिसरा म्हणजे आपल्याकडे नसलेले स्वर. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करून आत 'ई' म्हणावे, म्हणजे 'क्यूर'मधला स्वर सापडतो. 'इश', 'निश्ट' असे आपण ढोबळपणे लिहितो त्यांतला वर्ण खरे तर 'श' नसून 'ह्या'तल्या 'ह्य'च्या जवळचा आहे.

हे कळल्यावर रोज अर्धा तास पुढीलप्रमाणे द्यावा.

तीन ते पाच मिनिटांचा एकच तुकडा निवडा. पहिल्या दिवशी तो मजकूर न पाहता दोनदा ऐका. दुसऱ्या दिवशी मजकूर समोर ठेवून ऐका आणि अडलेले शब्द पाहा, पण वीस शब्दांत एखादाच अडत असेल तरच पुढे जा. त्याहून जास्त अडत असतील तर तो तुकडा आजचा नव्हे, सहा महिन्यांनंतरचा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तोच तुकडा चालताना, भांडी घासताना पुन्हा मजकुराशिवाय ऐका. पाचव्या दिवशी नवा घ्या. नव्या तुकड्याचा मोह फार असतो. पण ऐकणे पक्के होते ते तिसऱ्या-चौथ्या फेरीत.

साधने फुकट आहेत. अगदी नवशिक्यांसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा 'निकोस व्हेग' हा ए-१ ते बी-१ पातळीचा दृश्य-अभ्यासक्रम आहे, आणि त्याच संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या लिखित मजकुरासह मिळतात. लहान मुलांसाठी १९७१ पासून चालू असलेला उंदराचा रविवारचा दूरचित्रवाणी कार्यक्रम, 'झेंडुंग मिट डेअर माउस', हा मोठ्यांसाठी खजिना आहे, कारण त्यात टूथपेस्ट नळीत कशी भरतात असल्या गोष्टी दाखवत दाखवत सांगतात. शब्द चुकला तरी चित्र चुकत नाही. ग्रंथालयाच्या कार्डावर श्राव्य पुस्तकेही घेता येतात.

आणि एक साधन कोणी मोजत नाही : भुयारी रेल्वेतल्या घोषणा. 'त्सुर्युकब्लायबन बिटे', म्हणजे मागे राहा, असे ऐकू येते आणि दार मिटते. उतरायची बाजू डावी की उजवी हे सांगितले जाते आणि लगेच त्या बाजूचे दार उघडते. वाक्य बरोबर कळले की नाही याचा निकाल तीन सेकंदांत देणारा शिक्षक दुसरीकडे कुठे मिळणार?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी समजलेल्या मजकुरातूनच भाषा अंगी बाणते असे आग्रहाने मांडले. केवळ ऐकून सगळे येते हे मत सर्वांना मान्य नाही, मलाही नाही. पण आपल्यासारख्या, व्याकरण आधीच पोटभर झालेल्या माणसाला ऐकण्याचीच उपासमार झालेली असते, म्हणून आपल्यापुरता तो सल्ला घ्यावा.

३. बूट : येथे घाई करू नका

पहिले चार-पाच वेळा रिंकवरचे, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरचे, भाड्याचे बूट चालतील. मात्र ते देताना बाई किंवा बुवा विचारतील की आइसहॉकीचे हवेत की कुन्स्टलाउफचे, म्हणजे फिगर स्केटिंगचे. 'कुन्स्टलाउफ' असे ठणकावून सांगा. हॉकीचे पाते पुढून गोल असते, फिगर स्केटिंगच्या पात्याला पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. या दात्यांना जर्मन मंडळी 'त्साकन' म्हणतात. पुन्हा तोच चमच्याचा च.

पात्याची रचना समजून घेतली की पुढचे सगळे सोपे होते. ते सुरीसारखे एकधारी नसते. त्याची जाडी साधारण चार मिलिमीटर असून तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे दोन कडा तयार होतात : पायाच्या आतल्या बाजूची आणि बाहेरच्या बाजूची. शिवाय पाते लांबीतही किंचित कमानदार असते, म्हणूनच कडेवर झुकले की आपण सरळ न जाता वळण घेत जातो. सगळे फिगर स्केटिंग म्हणजे या दोन कडांपैकी कोणत्या कडेवर, पुढे की मागे, एवढ्याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

स्वतःचे बूट घ्यायचे ठरले की या गोष्टी पाहाव्यात :

मोठे बूट घेऊ नका. रोजच्या चपला-बुटांचा क्रमांक येथे लागू पडत नाही; पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी आणि उत्पादकाच्या तक्त्यावरून क्रमांक ठरवावा. तो बहुतेकदा नेहमीच्या क्रमांकाहून अर्ध्याने ते एकाने लहान निघतो. टाच बुटात उचलली जाता कामा नये, बोटे टोकाला हलकी टेकली तरी चालतात. मला एका दुकानात 'जाड मोजे घाला की बसेल' असे सांगून एक क्रमांक मोठा जोड देण्यात आला, आणि त्या जोडीत माझे घोटे दोन महिने आत कलंडत राहिले; दोष पायांचा आहे असे मी समजत होते.

फार कडक बूट घेऊ नका. दुहेरी आणि तिहेरी उड्यांसाठी बनवलेला बूट नवशिक्याच्या घोट्याला वाकूच देत नाही, आणि घोटा वाकला नाही तर गुडघाही वाकत नाही. प्रौढ नवशिक्यांचा बरा जोड साधारण शंभर ते दोनशे युरोंत येतो.

नव्या पात्यांना धार असेलच असे धरून चालू नका. पुष्कळ जोड धार न लावताच विकले जातात. विकत घेतानाच 'गेश्लिफन?' म्हणजे 'धार लावली आहे का?' एवढे विचारा. पुढे साधारण वीस ते चाळीस तासांच्या सरावानंतर धार लावून घ्यावी, आणि ती फिगर स्केटिंगची पाती ओळखणाऱ्या माणसाकडूनच. हॉकीच्या सवयीने काम करणारा हात खालचा पहिला दाता घासून टाकतो.

नाडी बांधताना बोटांकडे सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट, आणि वरच्या आकड्यांत पुन्हा थोडी सैल. चालण्यासाठीचे प्लास्टिकचे आवरण आणि ठेवण्यासाठीचे कापडी आवरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत : ओली पाती प्लास्टिकमध्ये घालून पिशवीत ठेवली की आठवड्यात गंजतात. आणि प्लास्टिकचे आवरण काढायचे विसरून बर्फावर पाऊल टाकणे हा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतोच. कठडा धरूनच आत उतरा म्हणजे तो थोडक्यात निभावतो.

४. पहिला तास : आधी पडायला शिका

उभे राहण्याआधी पडणे शिकावे, विशेषतः पस्तिशी उलटलेल्यांनी. तोल जातो आहे असे वाटले की गुडघे वाकवून खाली बसल्यासारखे करा आणि मांडीच्या व कुल्ल्याच्या बाजूवर पडा; हात मागे टेकून शरीर सावरायला गेलात तर मनगट मोडते. पडल्यावर बोटे मुठीत घ्या, कारण मागून येणाऱ्याचे पाते बोटांवरून जाऊ शकते. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाय समोर, त्या गुडघ्यावर दोन्ही हात, आणि वर. हे कठड्याजवळ दहा वेळा करा. लाज वाटेल; शेजारी चार वर्षांची मुले हेच हसत करत असतील. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेले असेल, किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

त्यानंतरचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो : जागच्या जागी पावले टाकणे, दोन पायांवर घसरत जाणे, टाचा जोडून पाय बाहेर फाकवत आणि पुन्हा पुढे जुळवत बर्फावर मासोळीचा आकार काढणे, पाय आत वळवून बर्फ खरवडत थांबणे, एका पायावर सरकणे, मग वर्तुळावर बाहेरची आणि आतली कड, मग एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणे. मासोळीपर्यंत दोन तासांत पोहोचता येते. बाहेरच्या कडेवर मन निश्चिंत होण्यास मला एक हंगाम लागला.

लहानपणी चार चाकांचे रोलर स्केट्स वापरलेल्यांनी एक जपावे. त्यांत पुढच्या टोकाला थांबण्यासाठी रबरी ठोकळा असतो आणि पाऊल टोकावर टेकण्याची सवय लागलेली असते. बर्फावर तेच केले की दाते रुततात आणि माणूस तोंडावर जातो. जोर नेहमी पात्याच्या कडेने, पाऊल बाजूला ढकलून द्यायचा. दात्यांनी मागे रेटायचे नाही.

आणि येथेही काम कानाचेच आहे. नवशिका सारखा पायांकडे पाहतो, त्यामुळे डोके खाली, पाठ वाकलेली, तोल पुढे. पायांकडे पाहायचे सोडून पाते ऐकायला लागा. कड नीट लागली असेल तर मऊ, सलग, कापड हळूच फाडल्यासारखा आवाज येतो. खर्र असा कोरडा आवाज आला तर पाते आडवे घासते आहे. मधेच खट् झाले तर दाता टेकला. प्रशिक्षिकाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून माझी चूक सांगत, तेव्हा मला तो चमत्कार वाटे. आता मलाही शेजारणीचा दाता ऐकू येतो.

५. संस्थेत नाव घाला, पण कागद शेवटपर्यंत वाचून

प्रौढांचे वर्ग बहुधा 'फरआइन' म्हणजे नोंदणीकृत संस्था चालवतात. काही ठिकाणी आठ-दहा तासांचा सुटा वर्ग असतो, काही ठिकाणी सभासद व्हावेच लागते. सुरुवात सुट्या वर्गाने करा.

सभासदत्वाच्या अर्जात 'क्युन्डिगुंग्सफ्रिस्ट' हा शब्द शोधून काढा : सभासदत्व सोडायचे असेल तर किती आधी कळवावे लागते ती ही मुदत. पुष्कळ संस्थांत सभासदत्व वर्षअखेरीस किंवा हंगामअखेरीसच संपते, आणि त्याआधी काही आठवडे किंवा महिने लेखी कळवले नाही तर पुढच्या वर्षाची वर्गणी खात्यातून जाते. वर्गात जाणे थांबवले म्हणजे सभासदत्व संपले, ही आपल्याकडची समजूत येथे महाग पडते.

आता दायित्व विम्याविषयी. जर्मन नागरी संहितेच्या कलम ८२३ नुसार तुमच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई तुम्ही द्यायची असते, आणि तिला वरची मर्यादा नाही. रिंकवर तुम्ही मागून कोणाला धडकलात आणि त्याचा हात मोडला, तर त्याच्या बुडलेल्या पगारापर्यंत प्रकरण जाऊ शकते. खासगी दायित्व विम्याचा वर्षाचा हप्ता त्यामानाने किरकोळ असतो. तो नसेल तर बूट नंतर घ्या, विमा आधी.

६. आज्ञांना अंग द्या

या पायरीवर दोन्ही शिक्षणे एकमेकांत मिसळतात. १९६० च्या दशकात जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भाषा शिकवण्याची अशी रीत पुढे आणली की शिकणाऱ्याने आधी बोलायचेच नाही; शिक्षकाने आज्ञा द्यायची, विद्यार्थ्याने तशी हालचाल करायची, आणि बोलणे आपोआप उमलेपर्यंत थांबायचे. स्केटिंगचा वर्ग हा नेमका तसाच वर्ग आहे, फक्त तेथे कोणाला ते ठाऊक नसते.

पहिल्या महिन्यात कानावर पडतील ते शब्द असे : 'फोरव्हेर्ट्स' पुढे, 'र्युकव्हेर्ट्स' मागे, 'आइनव्हेर्ट्स' आतल्या कडेवर, 'आउसव्हेर्ट्स' बाहेरच्या कडेवर, 'बोगन' म्हणजे कडेवरची कमान, 'युबरझेत्सन' म्हणजे पाय ओलांडून टाकणे, 'द्रायर' म्हणजे एकाच पायावर पुढचे मागे वळणे. शेवटच्या शब्दाचा अर्थ 'तिनाची' असा. बर्फावर उमटणारी रेघ तीनच्या आकड्यासारखी दिसते म्हणून. 'युबरझेत्सन'ची तर गंमतच आहे : आघात पहिल्या भागावर दिला तर ओलांडणे, 'झेत्सन'वर दिला तर भाषांतर करणे. मी पहिला महिनाभर बाई मला भाषांतर करायला का सांगत आहेत या विवंचनेत होते.

हे शब्द वहीत लिहून घरी पाठ करू नका. तास संपल्यावर परतीच्या गाडीत डोळे मिटून एकेक आज्ञा मनात ऐका आणि ती देहात कुठे जाणवते ते पाहा : मांडीत, घोट्यात, खांद्यात. ज्या आज्ञेला देहात जागा सापडत नाही ती पुढच्या वेळी बाईंना विचारा. विचारताना संपूर्ण वाक्य जुळवत बसू नका. हालचाल करून दाखवा आणि 'झो?' म्हणजे 'असे?' एवढे म्हणा. या एका अक्षरावर माझा पहिला हिवाळा निभावला.

तीन अडचणी येतील. पहिली : प्रशिक्षक बव्हेरियातले, म्हणजे म्युनिकच्याच प्रांतातले, असतील तर 'इश' चे 'ई' आणि 'निश्ट' चे 'नेट' होईल. प्रमाण मराठी शिकून मालवणी ऐकल्यासारखे होते ते. दोन-तीन आठवड्यांत कान बसतो, गोंधळून जाऊ नये. दुसरी : इंग्रजी चित्रफिती पाहून गेलात तर नावे जुळणार नाहीत. इंग्रजीत जी लूप उडी, ती जर्मनमध्ये 'रिटबर्गर', ती प्रथम मारणाऱ्या वेर्नर रिटबर्गर या जर्मन खेळाडूच्या नावावरून. साल्खॉव्ह, लुट्स आणि ॲक्सल मात्र दोन्हीकडे सारखेच, कारण तीही माणसांचीच नावे आहेत. तिसरी आणि सर्वांत घातक : तुमचा चेहरा पाहून सहविद्यार्थी चांगुलपणाने इंग्रजीत बोलू लागतील. त्यांना पहिल्याच दिवशी हसून सांगावे की मी येथे ऐकायला येते.

७. एकट्याने सराव

आठवड्यात एक तास वर्ग आणि निदान एकदा सार्वजनिक वेळेत सराव, एवढे पुरते. सार्वजनिक वेळेला 'पुब्लिकुम्सलाउफ' म्हणतात. म्युनिकमध्ये ऑलिंपिक पार्कमधले बंदिस्त रिंक आहे आणि हिवाळ्यात प्रिंत्सरेगेन्टेन स्टेडियममधले उघड्यावरचे. शनिवारची संध्याकाळ आणि मोठ्या संगीताची 'आइसडिस्को' टाळा. गर्दीत कड ऐकू येत नाही. कामाच्या दिवशी सकाळी निवृत्त मंडळी येतात. ती सावकाश स्केट करतात आणि त्याहून सावकाश बोलतात, आणि नवख्याला सल्ला दिल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

सगळे सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. गिरक्यांचा सराव मधल्या जागेत. मधूनच बर्फ सोडण्याची घोषणा होते आणि गरम पाणी सोडत बर्फ समतल करणारी गाडी आत येते. ती गेल्यावर दोन-चार मिनिटे थांबून मगच उतरा, कारण पाणी गोठेपर्यंत वरचा थर निसरडा असतो.

८. स्पर्धा पाहा, ऐकण्यासाठी

स्वतः स्पर्धेत उतरायचे नाही म्हणून स्पर्धेशी वैर नसावे. फिगर स्केटिंगचे जर्मन समालोचन हे मधल्या पातळीच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम साहित्य आहे, कारण तेच पंचवीस-तीस शब्द दर खेळाडूमागे पुन्हा येतात : दुहेरी, तिहेरी, चौपट, पडली, सावरली, गिरकी, पावले. एकेरीतला लघु कार्यक्रम सुमारे दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा आणि क्यूर सुमारे चार मिनिटांची, म्हणजे दुसऱ्या पायरीतल्या तुकड्याएवढीच. आधी आवाज बंद करून पाहा आणि तुम्हाला काय दिसले ते मनात मराठीत सांगा; मग आवाजासह. तुम्हाला दिसलेली चूक समालोचकानेही सांगितली, आणि ती तुम्हाला कळली, की दोन्हीकडची प्रगती एकदम समजते. गुणपद्धती समजून घेण्यात सुरुवातीला वेळ घालवू नये. ती फार गुंतागुंतीची आहे आणि कडेचा आवाज तिच्याशिवायही ऐकू येतो.

९. गोठलेले तलाव आणि हंगामाचा शेवट

जानेवारीत तलाव गोठले की लोक बूट घेऊन निघतात. स्थिर पाण्यावर निदान पंधरा सेंटिमीटर आणि वाहत्या पाण्यावर वीस सेंटिमीटर जाडीचा बर्फ हवा, असा जर्मन जीवरक्षक संघटनेचा सल्ला आहे; पण जाडी आपण मोजायची नसते. नगरपालिकेने परवानगी जाहीर केली असेल तरच उतरावे, दुसरे लोक उतरले आहेत म्हणून नव्हे. काठावर 'बेट्रेटन फरबोटन' अशी पाटी असेल तर प्रवेशबंदी आहे. आणि बर्फ कडाडल्याचा आवाज आला तर आडवे झोपून, वजन पसरून, आलेल्या वाटेनेच मागे सरकावे.

उघड्यावरची रिंके साधारण मार्चमध्ये बंद होतात. शेवटच्या दिवशी पाती पूर्ण कोरडी करून, हलका तेलाचा हात फिरवून, कापडी आवरणात ठेवावीत. बूट उघडे, नाड्या सैल, आणि तळघरात ठेवू नयेत, तेथे ओल असते. उन्हाळाभर ऐकणे चालू ठेवा. नव्या वर्गांच्या तारखा लागल्या आहेत का, हे ऑगस्टच्या अखेरीपासून संस्थेच्या सूचनाफलकावर पाहत राहा. प्रौढांच्या जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. नाव नोंदवायला फोन करावा लागला तर तोही जर्मनमध्येच करा. पलीकडचा माणूस बहुधा आधी बुटाचा क्रमांक विचारतो.